कोपऱ्यातलं टिंब

मंगळवार, ४ जून

तळपायाची आग मस्तकात गेलीय. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून लिहितेय.

सहा वर्षं या कचेरीत झाडू मारला. गेल्या वर्षी अक्षर चांगलं म्हणून नोकरभरतीच्या खोलीत घेतलं. काम काय, तर आलेल्या प्रत्येक अर्जावर उमेदवाराच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवायची आणि वर नंबर घालायचा. "आपल्याकडे नाव, घराणं काही बघत नाहीत. फक्त गुण!" — गोडबोली येईल-जाईल त्याला सांगते. गोडबोली म्हणजे आमची वरची बाई. नाव मीच ठेवलंय. तिचं ते ऐकून मलाही केवढा अभिमान!

आज तिने नवं काम दिलं. "बाई, पत्ता पुलापलीकडचा दिसला की कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसं टिंब द्या. टिंबवाले वेगळ्या पेटीत. लांबून येणारी माणसं टिकत नाहीत हो, त्यांचेच हाल होतात." इतके दिवस ती स्वतः द्यायची. आता डोळ्यांना ताण पडतो म्हणे!

लांबून? पूल ओलांडला की वीस मिनिटं. टेकडीवरच्या बंगल्यांतून यायला तास लागतो, त्यांना नाही टिंब!

मी पुलापलीकडेच राहते. तिला ठाऊक नाही. झाडूवालीचा पत्ता कोण विचारतं?

आणि गेल्या वर्षी लेकीला मीच म्हटलं होतं — भर अर्ज, इथे नावं झाकतात, घाबरू नकोस. पहिल्या वर्गात पास झालेली पोर. साधं बोलावणंसुद्धा आलं नाही. महिनाभर एकच घोकत होती, "आई, माझ्यातच काहीतरी कमी असेल."

बुधवार, ५ जून

काल घरी गेल्या गेल्या लेकीला सांगून टाकलं. "नाव नाही, पत्ता बघतात मेले! त्या इमारतीत परत अर्ज टाकायचा नाही, माझी शपथ आहे तुला!" बराच वेळ नखं खात बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यात कमी नव्हतं?"

नव्हतं गं बाई, नव्हतं!

याचं उट्टं काढल्याशिवाय मी राहायची नाही.

शुक्रवार, ७ जून

तक्रार करावी तर कुणाकडे? तक्रारपेटीची किल्ली गोडबोलीच्याच पर्समध्ये. आणि पुरावा काय दाखवू — पेन्सिलीचं टिंब? खोडरबर फिरवला की संपलं.

सोमवार, १० जून

सापडलं! इतकं सोपं, की एकटीच हसत सुटले.

टिंब आता माझ्या हातात आहे. गोडबोली कागद वाचतच नाही, नुसता कोपरा बघते. मग आमच्या लोकांना द्यायचंच नाही. टेकडीवाल्यांना द्यायचं! भोगू देत एकदा!

आज चाळीस अर्जांना दिलं. पत्त्यात 'टेकडी' दिसलं की पट्टी आणि टिंब, नावसुद्धा वाचायचं नाही. त्यांनी आमचं कधी वाचलं? दातओठ खाऊन देतेय. दुपारी पेन्सिलीचं टोकच मोडलं.

घरी कुणाला बोलले नाही. लेकीच्या पोटात काही राहत नाही.

शुक्रवार, १४ जून

आज बावन्न. कागदाला भोकं पडतायत. पडू देत!

काल बहीण आली होती. ती टेकडीवर एका आजारी म्हाताऱ्या बाईंना सांभाळते, तिथेच मागच्या खोलीत राहते. मी आपली टेकडीवाल्यांच्या नावाने बोटं मोडतेय, तर म्हणते, "अगं, आमच्या बाई तशा नाहीत." म्हटलं, गप्प बस! मग मावशी-भाची दोघी आत जाऊन कुजबुजत बसल्या. माझीच टिंगल चालली असेल. चालू दे. माझं चाललंय ते मला ठाऊक.

बुधवार, १९ जून

मुलाखतीची पत्रं गेली. मीच पाकिटांवर तिकिटं चिकटवली.

सोमवार, २४ जून

काय सांगू, काय दिवस होता! मुलाखतीला अठ्ठावीस जण आले — पंचवीस आमचे! शेजारणीचा मुलगा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्याच खुर्चीवर. मला बघून हसला, मी ओळख दाखवली नाही.

गोडबोलीचा चेहरा पांढराफटक. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणते, "अहो बाई, हे सगळे पुलापलीकडचे कसे काय?"

मी मान वर करून, चांगलं ऐकू जाईल असं म्हटलं, "काय की मॅडम. आपण तर नावं झाकतो. गुणांवर आले असतील!"

मोठे साहेब मागेच उभे. बोलते काय! गिळलं तिने मुकाट्याने. सहा वर्षं तिच्या टेबलाखालचा कचरा काढला, आज जिवाला गार वाटलं.

घरी आले तर शेजारीण उंबऱ्यातच. मुलाची मुलाखत छान झाली म्हणून दोन्ही हात धरून नाचली माझे. लेक मात्र उठून आत गेली. वाईट वाटणारच तिला. उद्या सांगते सगळं, तिच्या आईने कसा सूड घेतलाय ते.

मंगळवार, २५ जून

सकाळी सांगायला तोंड उघडलं, तर तीच रडायला लागली. "आई, रागावू नकोस. तुझी शपथ मोडली मी. पत्ता बघतात म्हणालीस ना, म्हणून मावशीच्या बाईंचा पत्ता घातला. तरी नाही बोलावलं. म्हणजे कमी माझ्यातच आहे."

मी डबा घेतला आणि निघाले.

टिंबवाल्यांची पेटी उपसली. नंबर दोनशे चौदा. पट्टी सोलली. तिचंच नाव. मघापासून कोपऱ्यात खोडरबर फिरवतेय. टिंब गेलं. भोक आहे तसंच आहे.