टाळता आला असता

अंबड, नाशिक
(ट्रकच्या सावलीत बसून)

तीर्थरूप जयराममामा, भाचा झुंबर तुमच्या पाया पडतो. (टायरवर बसून वाकूनच लिहितोय, म्हणजे पडल्यासारखंच आहे.) तुमची कंबर काय म्हणते? सरुमामीचा खोकला गेला का? आणि जीप कशी आहे? आपल्या गावचा चंदर इथं द्राक्षाच्या कामाला आलाय, त्यानं सांगितलं की दिवाळीत मी सुरगाण्याहून निघालो त्याच दुपारी जीप अंगणातून आपली आपण निघाली आणि उतारानं जाऊन थेट विमलाबाईच्या नागलीच्या खळ्यात बसली. आत कुणी नाही, चावी तुमच्या खिशात! ऐकून अंगावर काटा आला. भगताला विचारून कोंबडं दिलंत ते बरं केलंत. विमलाबाईनंच नजर लावली म्हणून तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंय तेही मला पटलं. तिची नजर आहेच तशी. माझ्या नव्या बुटांकडं तिनं एकदा बघितलं, तर पंचमीपर्यंत तळ सुटला. (बूट तसे जुन्या बाजारातले होते, पण मला नवेच होते.)

माझं बरं चाललंय. म्हणजे चाललंय असं नाही, सध्या शेठनी मला गाडी नुसती धुवायला दिलीय, पण बरं आहे. तुम्हाला माहीत आहे, आमचे गोरक्षशेठ मला क्लीनरवरून ड्रायव्हर केल्यापासून माझ्यावर फार लक्ष ठेवून असतात. माझा प्रत्येक अपघात झाला की ते एकच वाक्य बोलतात, हा टाळता आला असता. ऑफिसातला अश्विन कारकूनही तेच लिहितो. मामा, मी यावर खूप विचार केला. टाळता आला असता तर तो टळला का नाही? आणि टाळता येत नाही असा अपघात कुठं मिळतो? तसा एखादा झाला असता तर शेठ मला शाबासकी देणार होते का? अश्विनला विचारलं तर तो म्हणाला, "झुंबर, तू चहा पी." अश्विन इंदिरानगरला राहतो, त्याची बायको साक्षी बालवाडीत शिकवते, आणि ती मुलांना असंच समजावते म्हणे. म्हणजे चहा देऊन नाही, शांतपणे.

तर पहिला गंगापूर रोडला. माझ्या गाडीत पुढं काचेजवळ देव आहे. शेंदूर लावलेला, रोज ताजं फूल. वळणावर देव घरंगळला. आता देव खाली पडतोय आणि माणूस स्टिअरिंग धरून बसेल का? मी दोन्ही हातांनी देव झेलला. देवाला जराही लागलं नाही. गाडी मात्र दुभाजकावर चढून एका बोर्डाला टेकली. बोर्ड नेमका मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा निघाला, त्यात माझा काय दोष? त्यांचे मास्तर बाहेर आले आणि मला म्हणाले, "ये, तुला सवलत देतो." लोक हसले. शेठ आले आणि म्हणाले, टाळता आला असता. मी मग देव दोरीनं बांधला.

दुसरा सावळघाटात. घाट उतरताना तुमची फार आठवण आली. तुम्ही जीप शिकवताना सांगितलं होतं ना, उताराला इंजिन बंद कर, गाडी फुकटात पळते, डिझेल देवाच्या कृपेनं वाचतं. मी बंद केलं. मामा, जीपचं आणि भरलेल्या ट्रकचं काहीतरी वेगळं आहे, ते मला अजून नीट कळलेलं नाही. स्टिअरिंग दगड झालं, ब्रेक दाबला तर पाय नुसता खाली गेला. क्लीनर राजू "आई आई" करायला लागला (त्याची आई सटाण्याला आहे, ती काय करणार). शेवटी मी गाडी कडेच्या गवताच्या गंजीत घातली. गंजी मऊ होती, कुणाला खरचटलंही नाही. शेठनी विचारलं, "हे इंजिन बंद करायचं तुला शिकवलं कुणी?" मी छाती पुढं काढून तुमचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट. तेव्हापासून शेठ तुमची आठवण रोज काढतात.

तिसऱ्यात तर मी गाडीतच नव्हतो, म्हणून मला सगळ्यात जास्त कोडं त्याचंच पडलंय. शेठच्या आवारात उतार आहे. गाडी लावली की चाकाला दगड द्यायचा, हा त्यांचा नियम, आणि मी नियम मोडत नाही. मी गाडी लावली, उतरलो, दगड शोधला. आवार झाडूनपुसून स्वच्छ, एक खडा नाही. देव काढून चाकाखाली घालायचा का? पाप लागेल. तेवढ्यात वरच्या बाजूला शेठची नवी गाडी उभी होती, तिच्या चाकाला छान चौकोनी दगड दिसला. गाडी अगदी शांत उभी होती, तिला दगडाची गरज वाटली नाही. मी तो काढून माझ्या चाकाला लावला आणि चहाला गेलो. कप तोंडाला लावतो तोवर नवी गाडी हळूच निघाली आणि माझ्या गाडीला येऊन भिडली. पण माझी गाडी जागची हलली का? तसूभर नाही. दगड नीट लावला होता म्हणून! हे मी शेठना दाखवलं. शेठ खाली बसले. राजूनं पाणी आणलं. पाणी पिऊन म्हणाले, "झुंबऱ्या, अरे झुंबऱ्या..." टाळता आला असता हे या वेळी अश्विननं एकट्यानंच लिहिलं.

मामा, एक खरं सांगतो. आपली माणसं नाशिकला आली ती कायम ट्रकच्या मागं बसून, पोरंबाळं आणि भांडी घेऊन, द्राक्षाला नाहीतर कांद्याला. आईसुद्धा तशीच आली. पुढं काचेमागं बसून येणारा मी पहिला. स्टिअरिंग गेलं तर मी परत मागं बसणार. तेवढं मात्र नको वाटतं.

सर्वांना नमस्कार.

तुमचा,
झुंबर

ता. क. शेठ म्हणालेत, येत्या रविवारी तुझ्या गुरूला माझ्यासमोर उभा कर, त्यांनी हमी घेतली तर स्टिअरिंग, नाहीतर राजूला देतो. तेव्हा तुम्ही या. धुतलेली टोपी घाला. सांगा की पोरगं सावध आहे. घाटाचं विचारलं तर ते फक्त जीपपुरतं होतं म्हणा.

ता. क. दुसरा. शेठ म्हणतात मला दगडाची किंमत कळत नाही. हे ऐकून फार लागलं. तुम्ही त्यांना माझा देव दाखवा. दिवाळीत निघताना मी तुमच्या अंगणातून तो आणला, तुम्हाला सांगायचं राहिलं. तो काळा गुळगुळीत दगड हो, जीपच्या मागच्या चाकाला टेकून नुसता पडून होता. गुरूच्या गाडीपाशी बसलेला म्हणून पाया पडून उचलला आणि शेंदूर लावला. सांगा त्यांना, हा माझ्याच अंगणातला.

ता. क. तिसरा. येताना जीपनंच या. विमलाबाई बघायच्या आत निघा. आवारात उतार आहे, पण घाबरू नका, तुमच्या चाकाला दगड मी शोधून ठेवतो.