पिल्लं सकाळीच होतात

मकुसानी, १८ नोव्हेंबर

ती. फोर्तुनाताताईस,
धाकट्या निकासिओचा वाकून नमस्कार. वि. वि.

लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर फिरतोय. आज इथं, परवा कुठं ते मुकादमालाच ठाऊक. कातरून कातरून बोटं चमच्यालाही वळत नाहीत. काल एका अल्पाकानं मुकादमाच्या नव्या टोपीवर अर्धवट चघळलेलं हिरवं गवत थुंकलं. टोपी पार फुकट गेली, त्याच्या बायकोनं दिलेली. बायको म्हणे तळ्यावर नाव चालवते आणि मला तिथं काम मिळेल. मी नाव कधी चालवली नाही, पण त्यात काय!

हां, तू विचारलंस कधी येतोस. आपल्या अल्पाकांच्या पिल्लांच्या दिवसांत यावं म्हणतो. बघू.

माया आहे तशीच ठेव.
तुझा निकासिओ

न्युन्योआच्या वरचा माळ, ९ डिसेंबर

चि. निकासिओ,
अ. उ. आ.

तुझं 'बघू' वाचलं. मुकादमाच्या टोपीचीही खबर कळली, आभारी आहे.

माझ्यात आता जीव उरला नाही रे. पाऊस सुरू झाला की पिल्लं यायला लागतील. एका मादीला वर्षाला एकच, तेही सकाळीच, म्हणजे रात्रीच्या थंडीआधी अंग सुकायला दिवस मिळतो. म्हणून पहाटेपासून दुपारपर्यंत माळावर उभं राहायचं, कोल्हे हाकायचे. वर्षानुवर्षं हेच चाललंय. माझी नेली तिकडे हुलियाकात बापाजवळ, सातुर्निनोजवळ, राहून शाळेत जाते. मागच्या खेपेला सातुर्निनोनं तिला माझ्याकडे ढकललं, तर रडली. पोटची पोर माझी.

तीन राजांच्या सणाला, सहा जानेवारीला, मी कळप सोडून नेलीकडे जाणार. पोंसियानोमामा म्हणतो, पांढरे तेवढे सांभाळतो, काळ्यातांबड्यांच्या लोकरीला भाव नाही, ते कापायला द्या. आपल्या आईनं वाढवलेले रंग आहेत ते. आता तूच ठरव.

अंगाला जप. चिडले असले तरी तुझीच,
ताई

हुलियाका, १५ जानेवारी

चि. निकासिओ,
अ. उ. आ.

तू खरंच आलास. खिंडीत तुला पाहिलं आणि नुसती मिठाची पिशवी कुठं आहे ते सांगून निघाले. राग नसावा.

इथं नेली मला 'बाई' म्हणते, मास्तरणीला म्हणतात तसं. घरचं चीज दिलं, तर म्हणाली वास येतो. वेणी घालायला बसवलं, तर बापामागे लपली. सातुर्निनो हसून म्हणतो, होईल सवय. रात्री वाटतं परत यावं. तिथं निदान जनावरं तरी मला ओळखतात. येऊ का? खरं काय ते लिही.

वाट पाहणारी,
ताई

माळ, २९ जानेवारी

ती. ताईस,
वाकून नमस्कार. वि. वि.

परवा तांबडीला पिल्लू झालं. ढग चढले म्हणून मी घाबरलो आणि ते उचलून माझ्या अंगावर पांघरलेल्या पोंचोनं खसाखसा पुसलं. पोंचोला निम्म्या मुलखातल्या कळपांचा वास. तांबडीनं हुंगलं, कान मागं टाकले आणि चालू लागली.

मामा वरून ओरडत आला. म्हणाला, गाढवा, हे मेंढरू आहे का? मेंढी चाटते, ही जात चाटत नाही. वारा आणि ऊन पिल्लाला सुकवतं. आई नुसती जवळ राहून हुंकारते, पिल्लू तो आवाज शिकतं. त्यानं जमिनीवरचा बाळंतपणाचा चिकटा पिल्लाच्या पाठीला फासला आणि मला भिंतीआड बसवलं. तांबडी आली, गेली, पुन्हा आली. हुंकारत राहिली. दुपारी पिल्लानं आचळाला तोंड लावलं. मग गारा पडल्या, दोघं भिजली, पण एकमेकांना खेटून.

तेव्हा तू येऊ नकोस. म्हणजे ये, पण सुट्टीत, नेलीला घेऊन. तिची वेणी राहू दे. चीज तूच खा. तिच्या आसपास काम करत रहा, नेहमीसारखी तोंडातल्या तोंडात गुणगुणत. बाई म्हणाली, तरी ओ दे.

मी इथं किती टिकेन ते विचारू नकोस. पाय आत्ताच रस्ता शोधतात. पण सगळी पिल्लं होईपर्यंत आहे, आणि रंगीत एकही कापायला जाणार नाही. डोळे मिटताहेत. सकाळी लवकर उठायचंय, गाभण काळी आज कळपापासून लांब लांब चरत होती.

भावावर जीव असू दे.
तुझा निकासिओ