खिडकीच्या चार जागा

रविवार, ३ ऑगस्ट, सकाळी १०.१५

ठरलं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टांझानिया. एकटी.

तिथे तेव्हा छोटा पाऊस नुकताच सुरू झालेला असतो. टूरवाले त्याला ग्रीन सीझन म्हणतात. गर्दी नसते, धूळ नसते. गवत वाढायला लागलेलं असतं, त्यामुळे प्राणी शोधावे लागतात. सामान्य पर्यटकाला ही अडचण वाटते. मी कुपवाड एमआयडीसीत कॅलिब्रेशन इंजिनिअर आहे. दिवसभर लोकांचे काटे आणि गेज तपासते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडते. बिबट्या शेपूट सोडून सव्वा मीटर असतो.

खासगी नोंद. आजवर पाहिलेले जंगली प्राणी: चांदोलीचा गवा (आईने दाखवला), कृष्णेतली मगर (बाबांनी), सागरेश्वरचं सांबर (एसटीच्या कंडक्टरने). कुणी बोट न करता मी स्वतः आधी पाहिलेला प्राणी: शून्य. एकदा मुंगूस पाहिलं होतं, पण ते चपलेचा तुकडा निघालं.

हा आकडा बदलायचा आहे. बाकी काही हेतू नाही. घरी योग्य वेळी सांगेन.

त्याच दिवशी, सायंकाळी ६.४०

घरी कळलं. प्रिंटरमध्ये कागद राहिला होता.

आईने विचारलं, बरोबर कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. "मग चष्मा हरवल्यावर शोधणार कोण? सिंह?" वर्षभरात माझा चष्मा फक्त सहा वेळा हरवला आहे आणि सहाही वेळा सापडला आहे. (आईला.)

सुंदरीआत्या, बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असते. तिचा आक्षेप तात्त्विक होता. पावसाळ्यात पायाखाली जीव फार, म्हणून साधूसुद्धा चार महिने एका गावी थांबतात. "आणि तू इथला चातुर्मास संपवून तिथल्या चातुर्मासात निघालीस? म्हणजे वर्षातून दोन पावसाळे जीव तुडवायचे!" मी म्हटलं, आत्या, जीपमधून उतरायचंच नसतं. आत्या म्हणाली, "मग चाकाखाली कोण असतं? टायर?"

बाबा काही बोलले नाहीत. ते हळदीचे व्यापारी आहेत. सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे बोलायची सवय कमी.

मुद्दा मान्य झाला असं धरते.

रविवार, १० ऑगस्ट

टूर कंपनीचं मेल. ग्रीन सीझनला माणसं कमी, त्यामुळे चारजण जमल्याशिवाय जीप निघत नाही. चार जागा, चारही खिडकीच्या. उरलेले तीन प्रवासी कंपनी शोधून देईल, किंवा मी आणावेत. नावं १२ ऑक्टोबरपर्यंत.

मेल मी मोठ्याने वाचायला नको होतं.

आई म्हणाली, परके कशाला? आम्ही तिघं आहोत की. इतक्यात हंबीरकाका आले. बाबांचे मित्र, निवृत्त सुभेदार, शिराळ्याजवळ त्यांचा ऊस आहे. त्यांनी विषय ऐकला आणि खुर्ची पुढे ओढली. "आफ्रिका? आवं शेठ, मी काँगोत हुतो की! शांतिसेनेत. दीड वरीस. मला सोडून जाताय व्हय?"

आता पाच माणसं, चार जागा. त्यातली मला हवी असलेली माणसं: एक.

काकांनी पावसाळी कपडे, बूट, गोळ्या यांबद्दल बरंच सांगितलं. लिहून घेतलं नाही. काँगो वेगळा देश आहे आणि माहिती जुनी आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

उपाय सापडला. निवड चाचणी.

सफारी म्हणजे पहाटे उठणे, तासन्‌तास न हलता बसणे, न बोलणे, न ओरडता दुसऱ्याला प्राणी दाखवणे, आणि मुख्य म्हणजे पाहणे. पाच विषय, प्रत्येकी वीस गुण, उत्तीर्ण व्हायला सत्तर. घरातल्या कुणाला सत्तर मिळणं शक्य नाही. आई गप्प बसत नाही. आत्याचे गुडघे. बाबांना फोन. काका म्हणजे काका. चौघं सन्मानाने नापास होतील, कुणाचं मन दुखावणार नाही, आणि मी तीन परक्या, शांत माणसांबरोबर जाईन.

चाचणी निष्पक्ष असली पाहिजे. म्हणून नियम ४: स्वतःला स्वतः गुण देता येणार नाहीत, चिठ्ठ्या टाकून परीक्षक ठरेल. नियम ७: निकाल अंतिम.

सगळ्यांनी सह्या केल्या. बाबांनी नियम दोनदा वाचले. म्हणाले, "सात नंबरचा नियम चांगला आहे."

गेल्या वर्षी मी बाबांच्या दुकानातला काटा तपासला होता. क्विंटलला चाळीस ग्रॅमची चूक. मी त्यावर लाल 'नापास' स्टिकर लावला. बाबांनी तीस वर्षांचा काटा त्याच दिवशी बाजूला काढला, एक शब्द न बोलता. नियम कळणारा माणूस. (आज हे का आठवलं, माहीत नाही.)

शनिवार, ६ सप्टेंबर

आत्याचे पर्युषणाचे दहा दिवसांचे उपवास आज संपले. दिवसातून एकदा उकळलेलं पाणी, बस. ती अशक्त असेल. चाचणीवर त्याचा परिणाम होईल, तरी तारीख पुढे ढकलणार नाही. भावनांना चाचणीत स्थान नाही.

तिने एक विनंती केली. समजा गेलोच, तर सिंह शिकार करत असेल तिकडे गाडी नेऊ नये. पाहण्यातही अनुमोदनाचा दोष लागतो. कंपनीला कळवलं. उत्तर: सिंहांचं वेळापत्रक आमच्याकडे नसतं.

आणि सूर्यास्तानंतर कुणी जेवणार नाही. कॅम्पचं जेवण साडेसातला, तिथला सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. पावणेसहाला जेवण मिळेल का, हेही विचारलं. ही केवळ औपचारिक चौकशी आहे.

रविवार, १४ सप्टेंबर

सराव सत्र, काकांच्या रानात. त्यांच्याकडे वरचं कापड काढलेली जुनी जीप आहे. ऊस दोन पुरुष उंच. उंच गवताचा सराव म्हणून उत्तम.

काका म्हणाले, ह्या उसात बिबट्या हाय, पिल्लं घालून बसलीया. "आफ्रिका कशाला पायजे? हितंच लय हायती." त्यांच्या गोठ्यावर राहणाऱ्या रंगुबाईंनीही दुजोरा दिला. परवा म्हशीपाशी आली हुती म्हणे. रंगुबाईंनी बादली वाजवली, मग गेली.

दोन्ही दावे अप्रमाणित. फोटो नाही, मोजमाप नाही. गावाकडे प्रत्येक तरस बिबट्या असतो.

नवीन दुर्बीण आणली आहे. फोकस थोडा अवघड आहे. वस्तूचा दोष.

रविवार, २१ सप्टेंबर, सकाळी ५.५०

चाचणी. शिराळ्याला पोचायचं म्हणजे साडेचारला निघायचं. आत्या, आई, बाबा चार वाजता आंघोळ करून तयार. मी ४.४२ ला. गजर वाजला नव्हता, किंवा वाजला होता पण आवाज कमी होता.

माझी परीक्षक आई. निघताना म्हणाली, "घाबरू नको, मी देईन एखादा मार्क वाढवून." नियमात बसत नाही, असं तिला सांगितलं.

त्याच दिवशी, दुपारी २

घटनाक्रम जसा घडला तसा लिहिते. अर्थ नंतर लावेन.

आत्या जीपमध्ये मांडी घालून बसली आणि हललीच नाही. एक तास वीस मिनिटं. मी विचारलं, त्रास होत नाही? उत्तर नाही. तिने मौन घेतलं होतं. नंतर कळलं, ती रोज पहाटे अठ्ठेचाळीस मिनिटं सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, अशीच बसते, गेली एकतीस वर्षं. मी त्या वेळी झोपलेली असते, त्यामुळे हा डेटा माझ्याकडे नव्हता.

पंचविसाव्या मिनिटाला तिने खाली, बांधाकडे पाहून बोट वर केलं. चिखलात ठसा. तिला पाय टाकण्याआधी चार हात जमीन पाहायची सवय आहे, मुंगीसाठी. बशीएवढा ठसा त्या मानाने सोपा.

मग आईची मान वळली. ट्यूबलाइटमागची पाल जी बाई पापड लाटताना हेरते, तिला उसाच्या तिसऱ्या सरीतला कान दिसला. फक्त कान. तिने बाबांच्या गुडघ्याला हात लावला. बाबांनी तिकडे निरखून पाहिलं, रुमाल काढला, काकांचा हात त्याखाली घेतला आणि बोटं दाबली. काकांनी मान हलवली. एकही शब्द नाही. दिशा, अंतर आणि पिल्लं दोन, एवढं सगळं रुमालाखाली सांगून झालं. नंतर काका म्हणाले, "आमच्या पल्टनीतबी अशी खूण नव्हती, शेठ."

बिबट्या चौघांनी पाहिला. सात मिनिटं.

बाबांची परीक्षक मी. त्या वेळी त्यांच्या फॉर्मवर 'संवादासाठी रुमाल चालतो का' ही शंका लिहीत होते. मग दुर्बीण लावली. एक मोठा, स्पष्ट, हिरवा डाग दिसला. मी म्हणाले, "कुठे?" आईने फक्त पेन्सिलने एक रेघ मारली. मी म्हणाले, "हलू नका, कुठे?" दुसरी रेघ.

निकाल: आत्या ९६, बाबा ९१, आई ८८, काका ८३ (तंबाखू मळल्याचा आवाज). मी ५४.

शांततेत मला शून्य. वीस वेळा बोलले, असं आईचं म्हणणं. त्यातली सोळा वाक्यं 'शांत राहा' ही होती. सूचना हे बोलणं धरता येत नाही, असा मुद्दा मी मांडला. आत्याने मौनातच माझ्या पॅडवर लिहिलं: सूचना म्हणजेही बोलणंच.

आईने पुसून ५८ केले होते. मी स्वतः परत ५४ करायला लावले. चार गुण नियमबाह्य होते.

सोमवार, २२ सप्टेंबर

चाचणीत तांत्रिक त्रुटी आहेत. नमुना लहान. आर्द्रता जास्त. दुर्बीण कॅलिब्रेट केलेली नव्हती. (माझी जबाबदारी होती, हे वेगळं.) फेरचाचणीचा प्रस्ताव टेबलावर ठेवला.

संध्याकाळी त्याच कागदावर एक लाल स्टिकर होता. नापास. माझ्याच ड्रॉवरमधला.

बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, बाबा, सहल माझी आहे. त्यांनी पेपर खाली केला. "व्हय. आणि काटा माझा होता."

प्रस्ताव मागे घेतला.

रविवार, १२ ऑक्टोबर

नावं पाठवली. चार. स्पेलिंग तपासून.

आत्या काल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मी नाही आले तरी चालेल, माझं काय अडलंय, तू जा. मी म्हटलं, ९६ गुण मिळालेल्या माणसाने असं बोलू नये. ती म्हणाली, "बाई गं, तुला दिसावं म्हणून म्हणते." मी म्हटलं, मला काही दाखवून घ्यायचं नाहीये. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. तिचं पाहणं कसं असतं, आता माहीत आहे. विषय बदलला.

कॅम्पचं उत्तर: पावणेसहाला जेवण देतील. बटाटा, कांदा, लसूण नाही. आनंदाने, असं लिहिलंय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चौघं गेले. सामान: ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट, माझी दुर्बीण. माझं सोळा पानी नियोजन आईच्या पिशवीत, भाकरीखाली.

बारकाईने पाहिलं तर मूळ उद्दिष्ट पूर्ण झालं आहे. मी नोव्हेंबरचा दुसरा आठवडा एकटी घालवणार होते. एकटीच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फोटो आला. झाडाच्या फांदीवर बिबट्या. खाली आईचा मेसेज: आत्याने आधी पाहिला, गाईडच्याही आधी. गाईड तिला मामा सुंदरी म्हणतो. तिथे मामा म्हणजे आई.

दुसरा फोटो: बाबा गाईडचा हात रुमालाखाली धरून बसलेत. त्याला शिकवतायत.

गवत अपेक्षेपेक्षा कमी वाढलंय, असं काकांनी कळवलं. माझा अंदाज वीस सेंटिमीटरने चुकला.

चष्मा सापडत नाही. दुसरा लावलाय, जुना.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

शिराळा. काकांनी सांगितलं होतं, आठवड्यानं एकदा जीप चालू कर, बॅटरी उतरंल. त्यासाठी आले. दहा मिनिटांचं काम.

इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं. आलेच होते, म्हणून नियमांप्रमाणे बसले. मांडी घातली. फोन खिशात. अठ्ठेचाळीस मिनिटं ठरवली. बोलले नाही. कुणी नव्हतंच, तरी नोंद महत्त्वाची. गुण देणारं कुणी असतं तर आज सत्तर झाले असते.

एकेचाळिसाव्या मिनिटाला फोन थरथरला. रंगुबाई. गोठा इथून शंभर मीटरवर आहे, त्या दारात उभ्या दिसत होत्या, जीपकडे बोट करून. फोन घेतला.

"ताई," त्या हळू म्हणाल्या, "हालू नगा. मागं, बॉनेटवर बसलीया. लय येळ झाला. तुमी मागं बसलाव तवापास्नं."

मी मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसले होते. त्या बाजूला ऊस जास्त दिसतो.

मी विचारलं, "किती वेळ म्हणजे नेमका किती?" तोवर पत्रा वाजला. वळले. बॉनेटवर चिखलाचे चार ठसे आणि पलीकडे उसाची एक सरी आतल्या आत हलत लांब गेली.

रंगुबाई ओरडून विचारत होत्या, "दिसली का?"

दुरुस्ती, दि. ३ ऑगस्टच्या नोंदीला. कुणी बोट न करता स्वतः पाहिलेलं: ऊस, हलताना. एक सरी. रंगुबाईंनी बोट केलं होतं, पण जीपकडे. उसाकडे नाही.