न तपासलेली कंबर

२ नोव्हेंबर
आज धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. खोली हवेशीर आहे. मेसमध्ये वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती, पोटभर जेवले. अपघात विभागाचे प्रमुख डॉ. योगराज स्वभावाने हसरे, मोकळे. साबेरासिस्टरनी औषधांची कपाटं स्वतः दाखवली. कंबरदुखीचे पेशंट इथे फार; बरेचसे जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गासड्या उचलणारे. मी प्रत्येकाला विचारते, लघवी होते ना, बसायच्या जागी बधिर वाटतं का, पायात जोर आहे का. सर हसले. म्हणाले, इंजेक्शन द्यायचं, घरी पाठवायचं. एकेकाला पालथं करत बसलीस तर जेवायलाही मिळणार नाही.

६ नोव्हेंबर
दुपारी खाटेवर शिरपूरची दिपमाला. कोणी आणली, कळलं नाही. "कंबर दुखस, बाई. पाय बहिरा व्हई ग्यात." पाय बधिर, गार, बोटं हलेनात, ओटीपोट फुगलेलं. मणक्यातल्या नसा दबल्या असणार. आजच ऑपरेशन हवं. एमआरआयसाठी फोन करायला वळले. मागून म्हणाली, "योगराजले हात लावू नको."
वळून पाहिलं तर खाट रिकामी. चादर ओली.
साबेरासिस्टरनी ऐकून जुनं रजिस्टर काढलं. दिपमाला गेल्या वर्षी आली होती म्हणे. लघवी होत नाही म्हणून रडत होती. सरांनी नाटकी म्हणून हातही न लावता परत पाठवली. दोन्ही पाय गेले, पाठीच्या जखमा चिघळल्या, पोळ्याआधी वारली.

८ नोव्हेंबर
राउंड घेताना सर कोसळले. कंबर. पाय उचलेनात. एमआरआयमध्ये काही नाही. येणारा प्रत्येक डॉक्टर तेच म्हणतो — इंजेक्शन द्या, घरी पाठवा. सर ओरडतात, ती पाठीवर बसलीय. सिस्टर म्हणाल्या, भोगू द्या. खरं लिहिते, मलाही बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
राहवलं नाही. पेशंट तो पेशंट. नळी घालून लघवी मोकळी केली. कुशीवर वळवून मणक्यावर हात ठेवला. मणका बर्फासारखा गार. तेवढ्यात माझ्याच कंबरेत कळ —

१० नोव्हेंबर
सर वारले. मी त्यांच्याच खाटेवर. पाय बधिर. सिस्टर फोन लावताहेत, कोणी येत नाही —

दुपार
हात अजून चालतो. उशाशी कोणीतरी आहे. सिस्टर नाहीत. दिपमाला.
मी म्हणाले, तुला तपासलं होतं गं मी —
"हात लावू नको सांगं व्हतं, तरी काल त्याले बी तपासं ना तू."
पदर खोचते आहे. म्हणते, "पालथी व्हय, बाई. आत्ते मी तपासस." पाठीवर तिचा हा—