भुलीच्या डॉक्टरला सांगायची गोष्ट

बाबा,

हे लिहायचं मी आजवर टाळलं. बोअर पाडायच्या गाडीवर तेलंगणात होतो तेव्हा एकदा वही घेऊन बसलोही होतो. तेवढ्यात शेजारच्या वावरात माकडं शिरली, भुईमूग उपटायला लागली, आणि मी त्यांच्यामागं पळालो. पुढं संत्र्याच्या ट्रकवर होतो, मग एका मंडपवाल्याकडं. दर वेळी काहीतरी आडवं आलं, आणि मी त्याची वाटच पाहत असायचो. आज आडवं यायला काही नाही. मंगरूळपीरच्या एका दवाखान्यात खाटेवर बसलो आहे. परत बोअरच्या गाडीवर लागलो होतो, तिच्यावरून पडलो, डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, दुपारी त्यात स्टीलची पट्टी बसवणार आहेत. तोवर पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घालायचा नाही. कागद खालच्या मेडिकलवाल्याकडून मागून आणला. अक्षर वाकडं येतंय. मोडलंय डावीकडं आणि कापतोय उजवा हात.

सकाळी भुलीचा डॉक्टर येऊन गेला. तरुण पोरगा, गळ्यात मास्क लोंबत होता. दमा आहे का, पूर्वी कधी भूल दिली होती का, कुठलं औषध सोसत नाही का, दात हलतो का. दाताचं काहून विचारता म्हटलं तर म्हणाला, घशात नळी घालावी लागते, हलणारा दात निसटून आत गेला तर पंचाईत. मग त्यानं शेवटचं विचारलं. दारू? मी काय उत्तर दिलं ते पुढं सांगतो. कारण तो प्रश्न ऐकला आणि मी थेट कारंज्याच्या त्या दवाखान्यात जाऊन पोचलो, तुमच्या खाटेपाशी.

तुम्ही बाजार समितीत मापारी. काट्यावर पोतं चढलं की तुमचा आवाज पार गेटापर्यंत जायचा, आणि तुम्ही बोललात ते वजन शेतकरीही मानायचा आणि अडत्याही. मला त्याचा फार गर्व होता, आता लिहायला काय जातं. पण तुमच्याच हातांना सकाळी चहाचा कप धरवत नसे. आई गेल्यावर घर ताईच्या अंगावर पडलं. ती तुम्हाला कप कधी भरून देत नव्हती. अर्धा द्यायची, तो पिऊन झाला की उरलेला अर्धा. त्याबद्दल घरात कोणी कधी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी तुम्ही मागच्या दारानं यायचे, मोरीशी चूळ भरायचे, आणि आम्ही दोघं अभ्यास करत असल्यासारखे बसायचो. आमच्या इंझोरीत सगळ्यांना ठाऊक होतं. गावाबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तुमच्या लेखी इज्जत म्हणजे तेवढंच.

त्या वर्षी ताईची सोयरीक जुळत आली होती. मुलाचे वडील माळकरी. पहिल्या भेटीत त्यांनी शेती विचारली नाही, हुंडा विचारला नाही, एवढंच विचारलं की घरात कोणी पिणारं तर नाही ना. मोठेबाबांनी, तुमच्या थोरल्या भावानं, छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही. साक्षगंधाचा दिवस धरला आणि तुमच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन लांबवू नका म्हणाले, तुम्ही भरती झालात, आणि व्याही आजारी पडला तर भेटायला जावंच लागतं म्हणून ते पाहुणे, मुलाचे वडील, संत्र्यांची पिशवी घेऊन आले. तुमच्या पायाशी स्टुलावर बसले. आणि नेमक्या त्याच वेळी भुलीच्या मॅडम तपासायला आल्या. त्यांना घाई होती, अजून दोन दवाखाने करायचे होते.

"दारू घेता का, बाबा?"

तुम्ही छताच्या पंख्याकडं पाहिलं. मोठेबाबा बोलले. "नाही जी मॅडम. आमच्या घरात सुपारीचाबी शौक नाही."

"तंबाखू?"

"नाव काढू नका. देवमाणूस हाय थो."

पाहुण्यांनी मान डोलावली. ताई खिडकीशी उभी होती, बाहेर बघत. मॅडमनी लिहून घेतलं आणि निघाल्या. मी जिन्यात त्यांना गाठलं. माझी बारावी नुकतीच बुडाली होती, मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की डॉक्टरनं विचारलंय म्हणजे त्याचं काहीतरी काम असणार. आम्ही तुम्हाला भरती केलं त्या दिवसापासून तुम्हाला थेंब मिळाला नव्हता आणि तुमचे हात चादरीखाली होते.

"मॅडम, ते पितात. रोज. लय वर्षांपासून."

त्या थांबल्या. म्हणाल्या, "मग खोटं काहून सांगितलं? रोज पिणाऱ्याला नेहमीची भूल पुरेलच असं नाही. आणि खरी भीती नंतर असते. एकदम दारू तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळतो, थरथरतो, झटके येऊ शकतात. टाके ताजे असतात. आधी माहीत असलं तर औषध देता येतं, लक्ष ठेवता येतं. नसलं तर आम्ही भलतंच शोधत बसतो." मला वाटलं, झालं काम. मी त्यांना सांगितलंय, त्या आता मनात ठेवतील. पण त्या तशाच वळल्या, खोलीत गेल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, तुमचा मुलगा म्हणतो रोज घेता. किती घेता ते नीट सांगा बरं."

त्या बाईचाही मला राग आहे. औषध कळतं, इंजेक्शन कळतं, आणि स्टुलावर बसलेला माणूस कोण हे एकदा विचारावंसं वाटत नाही. पाहुणे उठले. एक शब्द वाईट बोलले नाहीत. तुमच्या पायाला हात लावून म्हणाले, "तब्येत सांभाळा," आणि चप्पल शोधायला लागले. मोठेबाबा त्यांच्यामागं पार एसटी स्टँडपर्यंत गेले आणि एकटे परत आले. ताईनं ती संत्री उचलली आणि शेजारच्या खोलीतल्या बाळंतिणीला देऊन टाकली.

तुम्हाला ऑपरेशनमधून बाहेर आणलं तेव्हा मी स्ट्रेचरशी होतो. ओठ पांढरे, अंग गार, दात वाजत होते. सिस्टर गालावर थापट्या मारत होती. "बाबा, डोळे उघडा. जीभ काढा बाहेर. माझा हात दाबा." तुम्ही तिचं सगळं ऐकलंत. मग घशातल्या नळीनं बसलेल्या आवाजात पोती मोजायला लागलात. पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि तुम्ही तेवढंच म्हणत होता. लाभ. परत लाभ. पुढचं पोतं येतच नव्हतं. मी कापूस ओला करून तुमच्या ओठांवर फिरवत होतो, आणि मला वाटत होतं की आता तुम्ही माझ्याकडं बघून हसाल. काय अक्कल होती माझी.

तुमचे डोळे लागले माझ्यावर. विचारलंत, "गेले काय थे?"

"गेले," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या तस्संच झालं. घाम, थरथर, भिंतीवर मुंग्या. तुम्ही सलाइनची सुई उपटायला निघालात. पण औषध लिहून ठेवलेलं होतं, सिस्टरनं लगेच दिलं, संध्याकाळपर्यंत मुंग्या गेल्या. टाके शाबूत राहिले. मला सिस्टर म्हणाली, बरं झालं तू सांगितलंस. तुम्ही जागे होता, ऐकलंत. मग भिंतीकडं तोंड करून म्हणालात, "मेलो असतो तं पोरीचं लगन तं झालं असतं. याले कोणं सांगतलं होतं तोंड उघडाले?"

त्यानंतर तुम्ही माझ्याशी थेट बोललाच नाहीत. त्याले म्हणा जेवून घे. त्याले म्हणा मोटर बंद कर. मी समोर बसलेलो असायचो. मोठेबाबा ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पोरगं नाही, रेडिओ पैदा केला आमच्या भावानं. कुठंबी वाजते." लोक हसायचे, मीही एकदोनदा हसलो. मग एक दिवस बोअरची गाडी गावात आली, तिच्यावर चढलो आणि गेलो. तुम्ही एवढंही म्हणाला नाहीत, त्याले विचारा कुठं चालला. आणि दारू तर सोडलीच नाहीत. पोटात पाणी झालं, तेव्हाही म्हणे येईल त्या डॉक्टरला आपण कधी पीत नसल्याचं सांगत होता. तुम्ही गेल्याची खबर मिळून मी पोचलो तोवर राख सावडून झाली होती. तेरवीच्या दिवशीही मी पिऊनच बसलो होतो, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि ताट ठेवून आत गेली.

तिचं पुढं जमलं नाही. घराचं नाव खराब झालं होतं. ती इंझोरीतच राहते, ब्लाउज शिवते. या सगळ्यात तिला कोणी विचारलं नव्हतं, ना त्या पाहुण्यांच्या आधी, ना नंतर. मीही नाही. तुमचा राग मी समजू शकतो. पण तो उतरलाच नाही, तुमचा जीव वाचवल्याची शिक्षा तुम्ही मला मरेपर्यंत दिलीत, हे माझ्याच्यानं गिळवत नाही. तुम्ही मेल्यावरही नाही. गावोगावी ओट्यांवर बसून मी तुमच्याशी भांडलोय. तुम्हाला एकदाही उत्तर सुचलं नाही.

आता सकाळचं. तरुण डॉक्टरनं विचारलं, दारू? खोलीत कोणी नव्हतं. स्टूल रिकामं होतं. कोणाची सोयरीक मोडणार नव्हती. ज्या एका प्रश्नापायी माझं घर सुटलं, त्याचं खरं उत्तर काय कामाचं असतं हे या अख्ख्या दवाखान्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. मी पंख्याकडं पाहिलं आणि म्हणालो, नाही. कधीच नाही.

का म्हणालो, मला विचारू नका. तुमचाच आवाज होता तो, गेटापर्यंत जाणारा.

सहीला नातेवाईक लागतो म्हणून मी मोठेबाबांचा नंबर दिला होता. ते येतील, दोन टोमणे मारतील, सही करतील, असं धरून होतो. आत्ता दार वाजलं, मी कागद उशीखाली सारला. ताई. केसांवर एसटीची धूळ, हातात कापडी पिशवी. मोठेबाबांनी पाठवलं की ती आपणहून आली, मी विचारलं नाही. तिनंही विचारलं नाही, कसा आहेस. सिस्टरनं हाताशी ठेवलेला सहीचा फॉर्म उचलायला मी हात पुढं केला, तेवढा तिनं पाहिला.

"हात काहून कापून राह्यला तुहा?"

मी हात चादरीखाली घेतला.

"डॉक्टरले सांगतलं?"

मी पंख्याकडं पाहिलं. तिनं पिशवी खाटेवर ठेवली आणि बाहेर गेली. मी कागद परत काढला. ती काउंटरपाशी आहे, आवाज इथवर येतोय. भूल देनारे डॉक्टर कुठं हाय, त्याईले बोलवा, मले माह्या भावाचं सांगाचं हाय. काउंटरवाला म्हणतोय, ताई, आत केबिनमध्ये बसून बोला, इथं लोक आहेत. ती म्हणतेय, असू द्या लोक, इथंच सांगतो.

उठून तिला अडवता आलं असतं. पाय शाबूत आहेत माझे. मी बसून आहे.