डॉ. क्वांग यांचा फॉर्म

मंगळवार, १० ऑगस्ट २०२१
सहावं लॉकडाउन. क्लेटन ते स्प्रिंगव्हेल, बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. कामाचं परमिट पर्समध्ये. कोणी विचारत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं.

क्लिनिकमध्ये मी काउंटरवर प्लास्टिकच्या पडद्यामागे, डॉ. क्वांग मागच्या खोलीत. वय त्र्याहत्तर, जुन्या टीबीने एक फुप्फुस अर्धं गेलेलं. पेशंट फक्त फोनवर बघायचे असं त्यांच्या बायकोने, लानताईने, ठरवून दिलंय. लक्ष ठेवायला मी. अकरा वाजता तिचा फोन. "आत आहे का?" म्हटलं, आत आहेत. निळ्या गाडीच्या आत होते. मागच्या दाराने कारपार्कात जाऊन, पेशंटशेजारी बसून छाती तपासत होते. मास्क, चष्मा, वर लानताईचाच स्वयंपाकाचा ॲप्रन.

शुक्रवार, १३ ऑगस्ट
डॉक्टर मला 'चि' म्हणतात. त्यांच्या भाषेत चि म्हणजे ताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, तरी मी ताई. लानताईही मला चि म्हणते. क्लिनिकमध्ये धाकटं कोणीच नाही.

लशीसाठी म्हाताऱ्यांना स्वतः फोन करतात. आधी नातवंडांची चौकशी, मग रागावणं. भाषा कळत नाही, पण कधी रागावतात ते कळतं. नंतर मला सांगतात. एक आजी म्हणाली, देव ठरवेल. डॉक्टर म्हणाले, देवाने मलाच फोन करायला सांगितलंय, उद्या दहाला या. आली. लस घेतली आणि संत्र्यांची पिशवी ठेवून गेली. प्रत्येक जण ठेवतो. दाराबाहेर फळांसाठी वेगळी खुर्ची मांडली आहे.

गुरुवार, १९ ऑगस्ट
डॉक्टरांच्या रजिस्ट्रेशनची मेल आली. दर वर्षी फॉर्म भरायचा, ३० सप्टें.पर्यंत. नाही भरला तर डॉक्टरकी बंद. ते एका बोटाने टाइप करतात म्हणून दर वर्षी मी भरते. "चि, या आठवड्यात करून टाकू."

दुपारी लानताईचा फोन. "या वर्षी विसर."
"काय?"
"फॉर्म. तू विसरलीस, तो विसरला, संपलं."
मी म्हटलं मी आजवर काही विसरलेली नाही. ती म्हणाली, म्हणूनच कोणाला संशय येणार नाही.

चार वाजता त्यांची मुलगी थाओ. ती हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ती इंग्लिशमध्ये रडते, पण आईसारखीच रडते. "आंटी, माझ्या वॉर्डात डॅडसारखीच माणसं आहेत. प्लीज."

शनिवार, २१ ऑगस्ट
लायब्ररी बंद. घरातलं सगळं वाचून झालं. डिशवॉशरचं माहितीपुस्तकही वाचलं. आमच्याकडे डिशवॉशर नाही, आधीच्या भाडेकरूचं राहिलंय. शाळा सातवीपर्यंत. इंग्लिश मी अशाच कागदांवर शिकले. म्हणून फॉर्मची भीती वाटत नाही. या फॉर्मची वाटते.

बुधवार, २५ ऑगस्ट
डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "चल, फॉर्म." मी म्हटलं साइट बंद आहे. त्यांच्याशी पहिलं खोटं. साइट समोर उघडी होती. मी स्क्रीन वळवला आणि पाण्याचा ग्लास कीबोर्डवर सांडला. तो मात्र खरंच चुकून.

सुकवता सुकवता म्हणाले, देश सोडून बोटीतून आलो तेव्हा इथे माझी डिग्री कोणी मानली नाही. सहा वर्षं कोंबड्या कापायच्या कारखान्यात. पहाटे कोंबड्या, संध्याकाळी परीक्षेचा अभ्यास. "ॲनाटॉमी पक्की झाली." हसले. मग म्हणाले, "एकदा गेलेलं परत मिळवायला सहा वर्षं लागतात, चि. आता माझ्याकडे तेवढी नाहीत."
मी पुसत राहिले.

रविवार, ५ सप्टेंबर
वॉलॉंगॉंगहून निखिलचा फोन. नातीने हाय आजी म्हणून फोन परत दिला. निखिलला फॉर्मचं सांगितलं. म्हणाला, आई, थाओचं बरोबर आहे.

माझे मिस्टर असताना निखिलनेच यांना काम सोडायला लावलं होतं. बाबा, बस झालं आता. यांनी सोडलं. मग रोज सकाळी सहाला तयार होऊन, बूट घालून सोफ्यावर. आठ महिन्यांत गेले. काम सोडल्यामुळे गेले असं मी म्हणत नाही. स्वादुपिंडाचा आजार होता, आधीपासूनच होता, डॉक्टरांनी मला कागद काढून समजावलं. निखिललाही समजावलं, दोनदा. शेवटचे अडीच महिने क्लिनिक संपलं की रोज घरी यायचे. तपासायला काही उरलं नव्हतं. यांच्याशी क्रिकेट बघत बसायचे. क्रिकेट त्यांना अजून कळत नाही.

बूट अजून सोफ्याजवळ आहेत.

सोमवार, १३ सप्टेंबर
झालं. शनिवारच्या एका गाडीतला पेशंट पॉझिटिव्ह. डॉक्टरांना चौदा दिवस घरी बसायचं. लानताईची टेस्ट निगेटिव्ह, डॉक्टरांचीही. कारपार्कचं माझ्यामुळे लपून राहिलं होतं, ते आज लानताईला सगळं कळलं. तिचा फोन आला.
"चि, तू म्हणायचीस आत आहे."
म्हटलं, चूक झाली.
तिने फोन ठेवला नाही. मग तिनेच विचारलं, जेवलीस का.

माझीही टेस्ट झाली. निगेटिव्ह.

शुक्रवार, १७ सप्टेंबर
दुसरे एक डॉक्टर अर्धा दिवस येतात. चांगले आहेत. म्हाताऱ्या दारातून डोकावतात, 'क्वांग नाही?' विचारतात आणि फळं घेऊन परत जातात. खुर्ची रिकामी.

डॉक्टरांची आजची टेस्टही निगेटिव्ह. मी फॉर्म उघडून बंद केला. तीनदा.

मंगळवार, २१ सप्टेंबर
लानताईचा फोन, आवाज दबका.
"फॉर्म भरलास?"
"नाही. तूच सांगितलंस."
"भर."
"काय झालं?"
घरात बसून डॉक्टरांनी मसाल्याच्या बरण्या अकारविल्हे लावल्या. तिचं ब्लडप्रेशर दिवसातून चार वेळा तपासतात आणि भिंतीवर आलेख काढतात. आलेख वर चाललाय. "कशामुळे ते त्याला समजत नाही." काल तर सूप ढवळण्याची तिची पद्धत चुकीची आहे म्हणाले. पन्नास वर्षं तेच सूप पितोय.
"पण फुप्फुस, ताई?"
"ते मला माहीत आहे." मग, "खिडकीशी उभा राहतो. रस्त्यावरचं कोणी खोकलं तर माझ्याकडे बघतो."

संध्याकाळी थाओ. "आंटी, भरू नकोस हं. मॉमचं ऐकू नकोस."

रविवार, २६ सप्टेंबर
आज डॉक्टरांच्या आईचा दिवस. त्यांच्याकडेही मृत्यूचा दिवस चंद्रावर मोजतात, तारखेवर नाही. आणि आमचा पक्ष चालू, यांची पंचमी. दोन्ही एका दिवशी आलं. मी खीर, वडे, अळूऐवजी पालकाच्या वड्या केल्या. पान कुंपणाशी ठेवलं. कावळा आला नाही. काळापांढरा मॅगपाय पक्षी आला, वडा नेला, परत येऊन माझ्या डोक्यावरून झेपावला. यांनाही जेवताना मी जवळ उभी राहिलेली आवडायचं नाही.

दुपारी व्हिडिओ कॉल. डॉक्टर आणि त्यांची भावंडं, चार शहरांतली चार घरं, प्रत्येकाने आईच्या फोटोपुढे जेवण मांडलेलं. मलाही बोलावलं. डॉक्टरांनी कॅमेरा खाली केला. आईच्या वाट्यांशेजारी एक वेगळी वाटी, पुढे बिअरची बाटली.
"ही तुझ्या मिस्टरांची. अकरा वर्षं मीच बंद केली होती. आता हरकत नाही."
चारही घरं हसली. मी कॅमेरा जरा वेळ बंद ठेवला.

मंगळवार, २८ सप्टेंबर
डॉक्टर परत. नऊ वाजायच्या आत खुर्चीवर सात पिशव्या. जिन्याच्या तीन पायऱ्या चढून थांबले. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

गुरुवार, ३० सप्टेंबर
शेवटचा दिवस. सकाळीच फॉर्म भरला, सगळी पानं. शेवटचं बटण राहिलं. ते काही माझं नाही.

पाचला क्लिनिक रिकामं झालं, तेव्हा त्यांना बोलावलं. आधी सांगून टाकलं की साइट कधीच बंद नव्हती.
"माहीत आहे. मी घरून बघितली होती."
"मग बोलला नाहीत?"
"मला वाटलं तुला माहीत असेल काय करायचं ते."
म्हटलं, मला नाही माहीत. लानताई आधी नको म्हणाली, आता हो म्हणते. थाओ नको म्हणते. मी आमच्या घरात एक माणूस सोफ्यावर बूट घालून बसलेला पाहिलाय, आणि परवा तुम्हाला पायऱ्यांवर पाहिलंय. तुम्हाला काय हवंय ते सांगा.
बराच वेळ स्क्रीन वाचत राहिले. पहिल्या पानापासून. माऊसला हात लावला, काढला.
"उद्या सांगितलं तर?"
"उद्या उशीर झाला असं धरतील. पण उशिराचा फॉर्मही महिनाभर घेतात."
"मग महिनाभराने सांगतो." कोट घातला. दारातून वळून म्हणाले, "फॉर्म बंद करू नकोस हं."

सहाच्या आत दोघींचे फोन. लानताई, "भरलास ना?" थाओ, "पाठवला नाहीस ना?" दोघींना खरं तेच सांगितलं. भरलाय, पाठवलेला नाही. दोघीही खूश झाल्या.