गुलाबी हाताचा पराक्रम

५ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या प्रयोगशाळेतून विजयी होऊन घरी पोचलो. थंड पाण्याच्या नळ्या शिवलेल्या त्या पोशाखात तू मला आणि शेजारच्या खाटेवरच्या पैलवान विद्यार्थ्याला गारठवलंस, तेव्हा त्याचा हात पांढराफटक पडला आणि माझा शेवटपर्यंत गुलाबी! जन्मभर प्लंबिंग केलं, गार पाण्यात हात घालूनच पोट भरलं, ते वाया कसं जाईल? तुझ्या आईने मला म्हातारा म्हणणं आता बंद करावं.

खरी बातमी पुढेच आहे. आमच्या गल्लीतल्या पीटीच्या बाई (त्या निवृत्त झाल्या, शिट्टी झाली नाही) रोज सकाळी तळ्यात पोहतात. त्यांना हा पराक्रम सांगितला, तर म्हणाल्या, मग पुढच्या रविवारी उतरा की पाण्यात. मी हो म्हणून बसलोय. तुझी आजी गेल्यापासून मला कुणी कुठे बोलावलंच नव्हतं गं. पाय जमिनीवर ठरेनात. निळी चड्डीसुद्धा आणली आहे.

लोभ ठेव, आणि आईला यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस.

तुझा गुलाबी आजोबा

८ डिसेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे तातडीचं पत्र. पाण्यात उतरू नका! तुम्ही जिंकला नाहीत. गारठा लागताच त्या पैलवानाच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या, म्हणून हात पांढरा पडला आणि ऊब आत राहिली. वय झालं की त्या तितक्या घट्ट आवळत नाहीत. तुमच्या भाषेत सांगायचं तर वॉशर झिजलाय, नळ कितीही फिरवा, धार चालूच. गुलाबी हात म्हणजे ऊब बाहेर गळतेय. तळ्यात तुम्ही बढाया मारत राहाल आणि अंग आतून गार पडत जाईल. मला खरंच भीती वाटतेय.

हे तिथेच सांगायला हवं होतं, पण तुम्ही खाटेवरून दंड फुगवून दाखवत होतात आणि आम्ही सगळे हसून लोळत होतो.

पीटीच्या बाईंचं वाचून मी खुर्चीतच नाचले! त्यांना खरं सांगून टाका. चड्डी उन्हाळ्यात घाला.

माया असू द्या, आणि अंगात स्वेटरही असू द्या.

तुमची चिमणी

१४ डिसेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. वॉशरचं लिहिलंस म्हणून पटलं, नाहीतर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण बाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज तळ्यावर गेलो तो स्वेटर, मफलर, कानटोपी असा जामानिमा करून. बाई पोहण्याच्या पोशाखात उभ्या होत्या. म्हटलं, बाई, पराक्रम कसला, गळती आहे ती. आणि मी पोहायला नव्हे, तुमच्यासाठी येणार होतो, हेही तोंडातून निसटलं. बाईंनी शिट्टी काढली. मला वाटलं, आता मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, मग माझा वॉशर तपासा.

एवढ्या गारठ्यात हात गुलाबी! कोमट! वयाने माझ्याहून थोड्या मोठ्याच निघाल्या. मी घाबरून म्हणालो, तुमचीही ऊब वाया चाललीये, आजपासून तळं बंद. बाई म्हणाल्या, बाहेर जायचीच आहे तर वाया कशाला, तुम्हीच ठेवून घ्या.

आईला आता खुशाल सांग. तुझा लोभ आहेच, त्यात बाईंनाही थोडी जागा कर.

तुझा आजोबा

ता. क. तळ्याकाठच्या बाकावरूनच लिहितोय. अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताचं आहे. उजवा अजून मोकळा नाही.